रिकाम्या जागेची विभक्ती : दप्तरी मराठीतील साचालेखनाचा एक धागा

बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोली येथे, नाना फडणीस (१७४२–१८००) यांनी बांधविलेले तळे व शिवमंदिर आहे. घाट चढण्यापूर्वी वा उतरल्यावर प्रवाशांनी तेथे विसावा घ्यावा, हा त्यामागील हेतू. तळे पाहावयास येणाऱ्यांस नानांचे राजकारण ठाऊक असते. पण त्यांच्या हुद्द्याचा अर्थ क्वचितच कोणाच्या मनात येतो. 'फडणीस' हा 'फर्दनवीस' या फारसी शब्दाचा मराठी अवतार होय. फर्द म्हणजे सुटा कागद, यादी किंवा हिशेबाचे पान. ते लिहिणारा तो फर्दनवीस. पुण्याच्या फडात असे कागद दररोज लिहिले जात, आणि ते दररोज नव्याने रचले जात नसत. मजकूर ठरलेला असे, त्यात काही जागा मोकळ्या असत. त्या जागी गावाचे नाव, व्यक्तीचे नाव, तारीख, रक्कम भरली की कागद तयार होई. हा साचा छापलेला नव्हता, कारकुनाच्या मनात व हातात होता, एवढाच आजच्या छापील नमुन्याहून त्याचा फरक.

हेच काम आज संगणकाकरवी होते. ठरलेल्या मजकुरातील खुणेच्या जागी माहिती भरून पूर्ण कागद तयार करणाऱ्या अनेक सॉफ्टवेअर लायब्रऱ्या गेल्या तीन दशकांत निर्माण झाल्या. त्यांपैकी काहींचे वैशिष्ट्य असे की, रिकाम्या जागी केवळ नाव न ठेवता एक लहानसा प्रोग्रामच ठेवता येतो; साचा भरला जाताना तो प्रोग्राम चालतो व त्याचे फलित त्या जागी उमटते. संगणकशास्त्राच्या इतिहासात या कल्पनेची चर्चा सोय आणि सुरक्षितता या दोन अंगांनी झाली आहे. भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा आहे. ज्या भाषेत नाम वाक्यात शिरताच आपले रूप पालटते, त्या भाषेत रिकाम्या जागेत नाम भरावयाचे कसे? हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. दप्तरी मराठीने तो काही शतकांपूर्वीच सोडविला होता, आणि तो ज्या रीतीने सोडविला तीत प्रोग्रामाची गरज फारशी उरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी दूर जावयास नको. खालापूर व कर्जत या दोन तालुक्यांतील काही नावे घ्यावी व 'मध्ये' हा अर्थ दाखवावयाचा आहे असे समजावे. खोपोलीचे 'खोपोलीत' होते, दहिवलीचे 'दहिवलीत'. येथे मूळ शब्दाला धक्का लागत नाही. पण खालापूरचे 'खालापुरात' होते, म्हणजे उपान्त्य दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो व अंती आकार येतो. मोहोपाड्याचे मूळ नाव 'मोहोपाडा', कशेळ्याचे 'कशेळे'. दोन्ही सामान्यरूपात यकार धारण करतात. कर्जतविषयी बोलताना 'कर्जतात' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'कर्जतला' किंवा 'कर्जतमध्ये' असे म्हणतो. चौक या गावाची तर वेगळीच अडचण आहे. 'चौकात सभा भरली' असे लिहिल्यास सभा गावात भरली की रस्ते मिळतात त्या ठिकाणी, हे वाचणारास कळणार नाही. म्हणजे 'अमुक गावात' या दोन शब्दांच्या साच्यात गाव बदलले की कधी स्वर बदलतो, कधी प्रत्यय बदलतो, आणि कधी प्रत्यय बरोबर असूनही अर्थ बिघडतो. प्रत्येक नावाला प्रत्यय थेट लावावयाचा तर साच्याजवळ व्याकरण हवे.

साच्याजवळ व्याकरण हवे, ही जाणीव आपल्या परंपरेत फार जुनी आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची जी प्रयोजने दिली आहेत, त्यांत दुसरे 'ऊह' हे आहे. वेदातील मंत्र सर्व लिंगांत व सर्व विभक्तींत पठित नाहीत. एका देवतेसाठी सांगितलेला मंत्र दुसऱ्या देवतेच्या यागात योजावयाचा झाल्यास यज्ञ करणाराने तो यथायोग्य पालटून घ्यावा लागतो, आणि व्याकरण न जाणणारास ते साधत नाही, असा त्याचा आशय. 'अग्नये' या चतुर्थ्यन्त पदाच्या जागी 'सूर्याय' असे पद येते. केवळ 'सूर्य' हे प्रातिपदिक ठेवून भागत नाही. मीमांसकांनी तर जैमिनिसूत्रांचा नववा अध्यायच ऊहाला दिला. साचा कोणता, त्यातील पालटण्याजोगा भाग कोणता आणि न पालटण्याजोगा कोणता, याचा इतका सूक्ष्म विचार प्राचीनांनी केला याचे आजच्या प्रोग्रामरास कुतूहल वाटावयास हवे.

पण संस्कृताने ऊहाचा खटाटोप टाळण्याचीही एक युक्ती काढली होती, व ती आपल्या घरोघरी आजही ऐकू येते. कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी होणारा संकल्प हा शुद्ध साचा आहे. पोथीत त्यातील मोकळ्या जागी 'अमुक' हा शब्द छापलेला असतो व पुरोहित पंचांग पाहून ती जागा भरतो. या साच्यात समासाचा उपयोग कसा केला आहे तो पाहावा. संवत्सराचे नाव सप्तमीत चालविण्याऐवजी त्याला 'नामसंवत्सरे' हे शेपूट जोडले आहे. शके १९४७ साठी 'विश्वावसुनामसंवत्सरे' म्हटले की 'विश्वावसु' या उकारान्त शब्दाची सप्तमी पुरोहितास आठवावी लागत नाही. वाराचेही तसेच : भानुवासरे, इंदुवासरे. गोत्राचे तसेच : 'अमुकगोत्रोत्पन्न'. समासाच्या पूर्वपदी प्रातिपदिक नुसते बसते आणि विभक्तीचा सगळा भार न बदलणारे उत्तरपद वाहते. साचा रचणाराने एकदा डोके चालविले की भरणारास ते चालवावे लागत नाही. तथापि एक निवड उरतेच. नावापुढे 'शर्मन्' यावयाचे, 'वर्मन्' यावयाचे, 'गुप्त' की 'दास', हे वर्णानुसार ठरे. व्याकरण टाळता आले, समाज टाळता आला नाही.

राजव्यवहारातील नमुनाग्रंथांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. गुजरातेत तयार झालेली 'लेखपद्धति' ही संस्कृत नमुनापत्रांची संहिता १९२५ मध्ये गायकवाड प्राच्यग्रंथमालेत बडोद्यास छापली गेली, चि. डा. दलाल व ग. कृ. श्रीगोंदेकर हे तिचे संपादक. दानपत्रापासून कर्जरोख्यापर्यंत नाना प्रकारचे कागद कसे लिहावे याचे नमुने तीत आहेत. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या नावावर परंपरेने चालत आलेले 'मेस्तक' त्याच जातीचे. मराठीच्या दृष्टीने खरा मजकुराचा भाग यापुढे सुरू होतो, तो फारसी अमलात.

शिवपूर्वकालीन मराठी कागदांचा आरंभ पाहिला तर तो मराठी कागद आहे असे प्रथमदर्शनी वाटतच नाही. 'अज रख्तखाने' अमुक, 'बजानेबु कारकुनानि हाल व इस्तकबाल व मोकदमानि मौजे' अमुक, 'बिदानद' ; आणि मग शुहूर सन अरबी अंकशब्दांत. या साच्याची वाक्यरचना फारसी आहे, व फारसीत संबंध दाखविणारे शब्द नामाच्या आधी येतात, नामाच्या अंगास चिकटत नाहीत. 'अज' म्हणजे पासून, 'बजानेब' म्हणजे कडे. त्यांच्यापुढे कोणतेही नाव जसेच्या तसे ठेवता येते. रिकामी जागा भरण्यास याहून सोयीची भाषा नाही. 'मौजे', 'कसबे', 'किल्ले' या शब्दांच्या अंती जो एकार आहे तो फारसी इजाफतीचाच अवशेष होय. 'किल्ले रायगड' यातील 'किल्ले' हे अनेकवचन समजून त्याचे समर्थन आदरार्थी बहुवचनाने करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्या एकाराने गावाचे नाव मागील शब्दाशी बांधले जाते आणि नाव मात्र अविकृत राहते. कर्जत तालुक्यात दोन दहिवल्या आहेत, दहिवली तर्फ नीड व दहिवली तर्फ वरेडी. या नामसमूहास मराठी प्रत्यय लावावयाचा तर तो दहिवलीस लावावा की नीडास? इजाफतीच्या साच्यात हा प्रश्न उद्भवतच नाही.

पुढे हा साचा मराठीत आला तेव्हा काय घडले, हा या लेखाचा गाभा आहे. शिवराज्याभिषेकानंतर (१६७४) राज्यव्यवहारातील फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला. रघुनाथपंडिताचा 'राज्यव्यवहारकोश' हे त्याचे फळ, व त्यात 'लेखनवर्ग' असा एक स्वतंत्र वर्गच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्द मोजून त्यांचे प्रमाण उत्तरोत्तर कसे घटत गेले हे दाखविले. परंतु शब्द मोजले म्हणजे साचा मोजला असे होत नाही. शब्द संस्कृत झाले तरी नाव अविकृत ठेवणारी जागा कायम ठेवावयाची होती आणि मराठीजवळ तर नामाआधी येणारी शब्दयोगी अव्यये नव्हती. दप्तराने तेव्हा एक मराठी तोड काढली. छत्रपतींच्या आज्ञापत्राचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे : 'स्वस्तिश्री राज्याभिषेक शके' अमुक, अमुक 'नाम संवत्सरे', मग 'क्षत्रियकुलावतंस श्रीराजा' अमुक 'छत्रपती यांणी', मग अमुक 'यांस आज्ञा केली ऐसीजे'.

या एका वाक्यात किती गोष्टी साधल्या आहेत! पहिली म्हणजे 'यांणी' आणि 'यांस'. राजाचे नाव व बिरुदे, ज्याला पत्र जावयाचे त्याचे नाव व हुद्दा, ही कितीही लांब व कशीही असोत, ती प्रथमान्त राहतात. विभक्ती घेते ते मागून येणारे सर्वनाम. संस्कृत संकल्पात जे काम 'नामसंवत्सरे' या उत्तरपदाने केले, ते येथे 'हा' या सर्वनामाच्या सामान्यरूपाने केले. दुसरी गोष्ट अशी की 'यांस' हे रूप पुरुष, स्त्री, एक, अनेक या सर्वांस चालते. लिंगाचा निर्णय लेखकास करावा लागत नाही. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, ही की वाक्य कर्मणी प्रयोगात आहे. 'केली' हे क्रियापद आज्ञेच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आज्ञा देणाराच्या नव्हे. सिंहासनावर कोण आहे आणि आज्ञा कोणास होत आहे, दोन्ही बदलले तरी क्रियापदाचे एक अक्षर हलत नाही. मराठी भूतकाळातील कर्मणी प्रयोग परकीय विद्यार्थ्यांस अवघड वाटतो व आपल्या व्याकरणग्रंथांत त्याची चर्चा कर्त्याच्या विभक्तीच्या निमित्ताने होते. तो साचालेखकाचा परम मित्र आहे, ही गोष्ट मात्र नजरेआड राहते.

ही रचना कोणी एकाने बसून शोधली असे म्हणण्याचे कारण नाही. 'यांस', 'यांणी' बोलीतही होतेच. दप्तराने त्यांतील सोय ओळखून ती पक्की केली. एक बारकावा मात्र नोंदविला पाहिजे. हलक्या दर्जाच्या व्यक्तीस 'यास', मानाच्या व्यक्तीस 'यांस', असा भेद लेखक मनात धरीत. पण मोडी लिपीत अनुस्वार वारंवार गाळला जात असल्याने हा मानापमान पुष्कळदा वाचणाराच्या समजुतीवर सोडलेला दिसतो.

मानापमानाचा विषय निघाला म्हणून मायन्याकडे वळतो, कारण तेथे दप्तराची ही युक्ती चालत नाही. 'तीर्थरूप' आपल्या वडीलधाऱ्यांस, 'तीर्थस्वरूप' वडिलांसमान परक्यांस, 'चिरंजीव' धाकट्यांस, 'राजमान्य राजश्री' प्रतिष्ठित गृहस्थास, 'वेदशास्त्रसंपन्न' विद्वान ब्राह्मणास, 'गंगाभागीरथी' विधवेस, नमस्कार कोणास, आशीर्वाद कोणास, दंडवत कोणास. मायना हा रिकाम्या जागेत भरावयाचा शब्द नसून लिहिणारा व वाचणारा यांच्या नात्यावरून, वयावरून, जातीवरून काढावयाचे उत्तर होय. चिटणिसाच्या डोक्यात एक लांबलचक 'असेल तर, नाही तर' होते, आणि त्यात चूक झाली तर तंटा होई. हाच मजकुरात दडलेला प्रोग्राम. तो चालविणारे यंत्र माणूस असल्यामुळे त्याला कोणी प्रोग्राम म्हटले नाही, इतकेच.

खरेदीखताने या दोन टोकांमधला मार्ग काढला. खताच्या आरंभी 'लिहून घेणार' व 'लिहून देणार' या दोन शब्दांखाली पक्षकारांची नावे, वय, धंदा व वस्ती एकदाच लिहावयाची. त्यापुढे संपूर्ण खतात नाव येत नाही, 'लिहून घेणार यांस', 'लिहून देणार यांनी' एवढेच येते. प्रोग्रामर ज्याला चल म्हणतात त्याची याहून स्पष्ट योजना ती कोणती? शिवाय शब्दाची निवडही नामी आहे. '-णार' हे धातुसाधित लिंगवचनानुसार बदलत नाही : तो देणार, ती देणार, ते देणार. घेणारा, घेणारी, घेणारे असे शब्द घेतले असते तर प्रत्येक खतात लेखनिकास निर्णय करावा लागला असता. शेवटी 'खरेदीखत लिहून देतो' या ठिकाणी लिंग डोके वर काढतेच. जाणते लेखनिक तेथे 'खरेदीखत लिहून दिले असे' असे लिहून पुन्हा कर्मणीचा आश्रय घेतात.

इंग्रजी अमलात साचा कारकुनाच्या मनातून निघून कागदावर छापला गेला. मोजणी व जमाबंदीची जी पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यात स्थिर झाली, तिच्याबरोबर ठराविक रकान्यांचे तक्ते आले. १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेख आला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँडरसन यांच्या महसुली हिशेबपुस्तिकेने गावचे नमुने क्रमांकवार बांधून दिले. सात हा अधिकार अभिलेखाचा, बारा हा पिकांचा. दोन्ही एका पानावर आले म्हणून 'सातबारा'. आकडा हे ज्याचे नाव झाले असा दुसरा कागद मराठी माणसाच्या आयुष्यात नाही. सहावा नमुना फेरफाराचा, आठ-अ खात्याचा. रकाना हा विभक्तीच्या प्रश्नाचा सर्वांत साधा निकाल आहे. वाक्यच नाही, म्हणून विभक्तीही नाही. 'भोगवटादाराचे नाव' या शीर्षकाखाली नाव प्रथमेत ठेवले की झाले.

पण रकाना मुका नसतो. कोणते नाव कोणत्या रकान्यात पडते यावर हक्क ठरतो. कुटुंबाच्या वतीने वडील भावाचे नाव 'ए. कु. मॅ.' अशा अक्षरांसह मुख्य रकान्यात आणि बहिणींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात, अशा नोंदी महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या व पुढे वादास कारण झाल्या. मोकळी जागा किती ठेवली आहे यानेही सत्य आकुंचित होते.

छापील साच्यात जेथे वाक्य टाळता आले नाही तेथे एक नवी सूचना आली : 'लागू नसेल ते खोडावे.' 'श्री./श्रीमती/कुमारी', 'मुलगा/मुलगी', 'राहणार/राहणारी'. शाळेच्या दाखल्यापासून न्यायालयाच्या समन्सापर्यंत ही तिरकी रेघ पसरली. ती रेघ म्हणजे चिटणिसाच्या डोक्यातील 'असेल तर, नाही तर' कागदावर उघडे पडलेले. सर्व पर्याय छापून ठेवावयाचे व निवड भरणाराच्या लेखणीवर सोपवावयाची. भरणारा घाईत असला की खोडणे राहून जाते. प्रस्तुत लेखकाच्या दिवंगत वडिलांच्या नावे एका कचेरीतून आलेल्या पत्रावर 'श्री./श्रीमती/कै.' ही तिन्ही संबोधने शाबूत होती. त्या वेळी चीड आली. आता वाटते, निदान बरोबर पर्याय त्यांत होता.

संगणकाच्या साच्याने ही तिरकी रेघ पुन्हा यंत्राच्या आत नेली. या इतिहासातील एक नमुनेदार उदाहरण म्हणून पर्ल भाषेतील 'टेक्स्ट टेम्प्लेट' ही लायब्ररी घेता येईल. पर्ल भाषा लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. वॉल यांचे शिक्षण भाषाविज्ञानाचे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'टेक्स्ट टेम्प्लेट' ही मार्क जेसन डॉमिनस यांची, १९९० च्या दशकातील. तिची कल्पना अगदी थोडक्यात सांगता येते. मजकूर जसाच्या तसा लिहावा. जेथे काही भरावयाचे असेल तेथे महिरपी कंस घालावा. कंसात पर्ल भाषेतील कोणताही प्रोग्राम लिहावा. साचा भरला जाताना कंसाबाहेरचा मजकूर तसाच राहतो, कंसातील प्रोग्राम चालतो आणि त्यातील अखेरच्या पदावलीचे मूल्य कंसाच्या जागी उमटते. कंसात केवळ चलाचे नाव असेल तर नाव उमटेल. 'स्त्री असेल तर श्रीमती, नाही तर श्री.' असे लिहिले असेल तर त्यातील एक उमटेल. एका जमिनीस पाच वारस असतील तर पाच ओळी व एक असेल तर एक, हेही कंसात आवर्तन लिहून साधते. कंसातील प्रोग्राम मध्येच बिघडला तर काय करावे हे ठरविणारे एक उपकार्यही वापरणारास आपल्या मताप्रमाणे देता येते. न दिल्यास बिघाडाचा निरोप मजकुरातच छापला जातो. परक्याने लिहिलेला साचा चालवावयाचा असेल तर त्याला बंदिस्त जागेत चालविण्याची सोय आहे, कारण ज्या साच्यात प्रोग्राम आहे तो साचा यंत्राकडून नको ते काम करवून घेऊ शकतो.

डॉमिनस यांची भूमिका अशी की, साच्यासाठी वेगळी लहान भाषा शोधू नये. अशी भाषा आरंभी सोपी असते, पुढे तीत अटी येतात, आवर्तने येतात आणि शेवटी ती एक कच्ची प्रोग्रामिंग भाषा होऊन बसते. तेव्हा पहिल्यापासूनच पूर्ण भाषा हाती द्यावी. या मताविरुद्ध एक दुसरा पक्ष उभा राहिला. टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये एका निबंधात असा आग्रह धरला की साचा हा केवळ मांडणीचा असावा, निर्णय त्यात असू नयेत. आणि २००९ मध्ये आलेल्या 'मस्टॅश' या साचापद्धतीने तर 'तर्कविरहित' हे बिरुदच मिरविले. दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यांच्या क्षेत्रात सयुक्तिक आहे. परंतु हा सर्व वाद ज्या भाषेत झाला त्या इंग्रजीत नाव वाक्यात कोठेही ठेवले तरी त्याचे रूप जवळजवळ बदलत नाही. मराठीत 'खालापूर'चे 'खालापुरात' करणे हा निर्णय मांडणीचा की मजकुराचा? तर्कविरहित साच्याने ते करावयाचे नाही, आणि माहिती पुरविणाऱ्या प्रोग्रामास ते करावे लागेल याची कल्पना नाही. मग ते कोणीच करीत नाही. भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या 'गेटटेक्स्ट' या व्यवस्थेत प्रत्येक भाषेच्या अनेकवचनाचा नियम एका लहान सूत्राने सांगण्याची सोय आहे. वचनाची काळजी वाहिली गेली; विभक्तीची वाहिली गेली नाही.

याचा परिणाम रोज डोळ्यांसमोर येतो. 'खालापूर मध्ये', 'खोपोली चे', 'आपल्या खाते मध्ये', 'रमेश ने' असे तुटलेले प्रत्यय देयकांवर, मोबाइलवरील संदेशांत, अर्जांच्या पोचपावत्यांवर आढळतात. हा लेखनदोष अडाणीपणाचा नाही. मूळ वाक्य इंग्रजीत रचले गेले, नावाच्या दोन्ही बाजूंस जागा सोडली गेली, आणि भाषांतरकारास वाक्याऐवजी वाक्याचे तुकडे दिले गेले. 'मध्ये' हा तुकडा त्याने निमूटपणे 'मध्ये' असाच ठेवला. साच्याची खूण म्हणून आलेली ती मोकळी जागा आता हाताने लिहिणारांच्या लेखनातही दिसू लागली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'पुणे मध्ये' वाचताना हा इतिहास आठवतो.

ऊहाचा मार्ग येथे मोकळा आहे. महिरपी कंसात मराठी सामान्यरूपाचे नियम लिहिता येतील : 'पूर' अंती असेल तर 'पुरा', पुल्लिंगी आकारान्त वा नपुंसकलिंगी एकारान्त असेल तर यकार, ईकारान्त असेल तर काही नाही, आणि 'चौक' आल्यास थांबावे. उपान्त्य इकार-उकारांविषयीचा नियम तर मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत आहेच. प्रयत्न करण्याजोगा आहे, तो विद्यार्थ्यांनी करावा. मात्र त्याआधी दप्तराचा मार्ग तपासावा असे प्रस्तुत लेखकास वाटते, कारण तो अधिक स्वस्त व अधिक मराठी आहे.

वारसाच्या फेरफाराचे वाक्य उदाहरणादाखल घेऊ. '…हे दि. … रोजी मयत झाले' असा साचा असेल तर खातेदार स्त्री असताना 'हे' व 'झाले' दोन्ही चुकतात. प्रोग्रामरास दोन ठिकाणी कंस घालून 'ह्या' व 'झाल्या' यांची तरतूद करावी लागते, आणि अभिलेखात लिंगाची नोंद नसेल तर तीही करता येत नाही. त्याऐवजी 'मौजे … येथील खातेदार … यांचे दि. … रोजी निधन झाले' असे लिहावे. 'यांचे' ला लिंग नाही, 'झाले' हे निधनाशी जुळते, 'येथील' गावाचे नाव अविकृत ठेवते आणि 'मौजे' त्याला आधीच बांधून ठेवते. गाव चौक असो वा दहिवली तर्फ नीड, खातेदार एक असो वा अनेक, पुरुष असो वा स्त्री. वाक्यात एकही अट नाही आणि कंसात नुसती नावे पुरतात.